धार-देवास : एक भूमी, अनेक संशोधने

धार आणि देवास ही नावे मराठी वाचकाला परिचित आहेत ती प्रामुख्याने पवारांच्या संस्थानांमुळे. अठराव्या शतकात माळव्यात मराठ्यांचा अंमल स्थिरावला, धारला पवारांची गादी स्थापन झाली, देवासला तुकोजी व जिवाजी या बंधूंच्या वंशांच्या थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या शेजारी शेजारी नांदल्या आणि १९४८ मध्ये ही सर्व संस्थाने मध्यभारतात विलीन झाली. हा राजकीय इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला आहे. त्या मानाने दुसरी एक गोष्ट दुर्लक्षित राहिली. गेल्या सव्वाशे वर्षांत या दोन गावांच्या परिसरात पुरालेखविद्या, धातुशास्त्र, कलेतिहास, भूविज्ञान, मानववंशशास्त्र आणि संगीत अशा परस्परांपासून दूर वाटणाऱ्या शाखांतील महत्त्वाचे संशोधन झाले आहे. त्याचा हा धावता आढावा.

आरंभ धारपासून करणे योग्य होईल. १९०३ मध्ये धार संस्थानच्या शिक्षण खात्याचे अधीक्षक काशिनाथ कृष्ण लेले यांनी भोजशाळा व कमाल मौला मशीद या दोन्ही नावांनी ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत, भिंतींत व फरसबंदीत बसविलेल्या शिलांवर संस्कृत आणि प्राकृत लेख असल्याचे निदर्शनास आणले. त्यांत परमार राजा अर्जुनवर्मा याचा गुरू मदन याने रचलेल्या ‘पारिजातमंजरी’ या नाटिकेचे चार अंकांपैकी पहिले दोन अंक कोरलेले होते. ही नाटिका आज उपलब्ध आहे ती या शिलेमुळे. कूर्मावताराची स्तुती करणारी दोन प्राकृत काव्येही तेथे मिळाली. संस्कृत वर्णमाला आणि विभक्ती-क्रियापदांचे प्रत्यय नागाच्या वेटोळ्यांत बसविणारे सर्पबंध लेखही त्याच वास्तूतले. व्याकरण शिकविण्याची ती एक कोरीव पाटीच म्हणावी लागेल. पुढे हुल्ट्श यांनी नाटिका आणि पिशेल यांनी प्राकृत काव्ये ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात संपादित केली व जर्मन पंडितांच्या नावाने ती जगभर पोहोचली. परंतु रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवरील दगडापाशी थांबून तो वाचावयास हवा, हे ज्याला प्रथम जाणवले, तो संस्थानच्या नोकरीतील एक मराठी शिक्षणाधिकारी होता. याच लेल्यांनी कॅप्टन लुआर्ड यांच्यासह परमारांचा इतिहास इंग्रजीत लिहिला आणि तो १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच धारमध्ये लाट मशिदीच्या आवारात एका प्रचंड लोहस्तंभाचे तीन तुकडे आहेत. तिन्ही मिळून लांबी तेरा मीटरहून अधिक आणि वजन सुमारे सात टन भरते. दिल्लीच्या प्रसिद्ध लोहस्तंभाची लांबी याच्या जेमतेम निम्म्याहून थोडी अधिक आहे. इतिहासकाराला या स्तंभाविषयी सांगता आले ते त्याच्या उत्तरायुष्याविषयी. दक्षिणेच्या मोहिमेवर जाताना अकबर येथे येऊन गेल्याचा लेख त्याच्यावर आहे. गुजरातच्या बहादूरशहाने तो उखडून नेण्याचा प्रयत्न केला असता तो पडून मोडला, असे जहांगीर आपल्या आत्मवृत्तात नोंदवितो. मोठा तुकडा आग्र्यास नेऊन त्यावर रात्री दिवा लावावा, अशी आज्ञाही त्याने केली होती. स्तंभ घडविणाऱ्यांचा लेख मात्र त्यावर नाही. त्यामुळे तो कसा घडला, या प्रश्नाचे उत्तर लोखंडालाच विचारावे लागले. कानपूरच्या आय.आय.टी.तील धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लोखंडाचे लहान गोळे तापवून, ठोकून, एकावर एक सांधत हा स्तंभ तयार झाल्याचे विशद केले. त्याच्या अंगावरील भोकांविषयी पूर्वी नाना तर्क केले जात. घडविताना पहारी घालून हे अवजड धूड फिरविता यावे यासाठी ती असावीत, असे त्यांनी दाखविले.

धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागातील बाघ हे पूर्वी ग्वाल्हेर संस्थानात होते. तेथील बौद्ध लेण्यांची नोंद डेंजरफील्ड या इंग्रज अधिकाऱ्याने १८१८ मध्ये केली व ती मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात १८२० साली छापली गेली. पुढे शतकानंतर, १९२१ मध्ये, नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदी चित्रकारांनी तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. मूळ चित्रांची पुष्कळ झीज झाल्यामुळे आज त्या प्रतिकृतीच अभ्यासाचे साधन होऊन बसल्या आहेत.

ही चित्रे नेमकी केव्हाची, हा प्रश्न एकट्या कलेतिहासाने सुटण्यासारखा नव्हता. १९२९ मध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील मातीखाली माहिष्मतीच्या महाराज सुबंधूचा ताम्रपट सापडला. तो या विहाराला दिलेल्या दानाचा होता. मात्र त्यावरील वर्षाचा भाग नष्ट झाला होता. याच सुबंधूचा बडवानी येथील ताम्रपट १६७ या वर्षाचा आहे. पण हे वर्ष कोणत्या संवताचे? महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते कलचुरी संवताचे मानले, म्हणजे इसवी सन ४१६-१७ येते. दुसऱ्या पक्षाने ते गुप्त संवताचे मानले, म्हणजे ४८६ च्या आसपासचा काळ येतो. सत्तर वर्षांच्या या फरकावर बाघ आणि अजिंठा यांच्या चित्रशैलींचे नाते अवलंबून आहे. १९८२ मध्ये बाघजवळ वल्खा येथील महाराजांच्या ताम्रपटांचा मोठा साठा मिळाला, तेव्हा या चर्चेला आणखी साधने लाभली. रंग आणि रेषा पारखणाऱ्याला येथे संवत मोजणाऱ्याच्या दारी जावे लागते, ते असे.

लेण्यांच्या परिसरातील खडकाचा इतिहास याहून कितीतरी पुरातन आहे. बाघच्या सागरी चुनखडीच्या थरांचा अभ्यास ब्लॅनफर्ड, प्रमथनाथ बोस अशा भूवैज्ञानिकांनी एकोणिसाव्या शतकातच आरंभिला होता. २०२३ च्या जानेवारीत दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाघ-कुक्षी भागातून टायटॅनोसॉर जातीच्या डायनासोरांची ९२ घरटी व २५६ अंडी नोंदविली. लेणी खोदणाऱ्या भिक्षूंना आणि त्यांना दान देणाऱ्या सुबंधूला आपण कोणत्या भूमीवर उभे आहोत, याची कल्पना असणे शक्य नव्हते.

धारचे संशोधन असे दगड, धातू आणि ताम्रपट यांच्याभोवती फिरते, तर देवासचे जिवंत माणसाभोवती. १९४८ च्या आरंभी क्षयाने आजारी असलेले तरुण गायक कुमार गंधर्व हवापालटासाठी देवासला आले. गाणे बंद होते, कान मात्र उघडे होते. सणावारांना आणि ऋतूंना गायिली जाणारी माळवी स्त्रियांची गीते व नाथपंथी भजने त्यांनी ऐकली, टिपली, त्यांच्या सुरावटींची छाननी केली. रागांचे मूळ लोकधुनींत आहे, हा विचार त्यातून दृढ झाला आणि धुनउगम रागांची निर्मिती झाली. १९६५ साली प्रसिद्ध झालेला ‘अनूपरागविलास’ हे त्या चिंतनाचे ग्रंथरूप. कोणत्याही विद्यापीठाच्या पदवीसाठी हे काम झाले नव्हते. परंतु सामग्री गोळा करणे, तिची तुलना करणे आणि त्यातून सिद्धान्त मांडणे ही संशोधनाची सर्व अंगे त्यात आहेत.

याच काळात देवास परिसरातील एका खेड्यात एड्रियन मेयर हे लंडनचे मानववंशशास्त्रज्ञ राहत होते. १९५४ ते १९५६ या काळातील क्षेत्रकार्यावर आधारलेला त्यांचा जात व नातेसंबंधांवरील ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. गावाचे खरे नाव न देता त्यांनी त्याला रामखेडी म्हटले. कोण कोणाच्या हातचे अन्न व पाणी घेतो, कोण कोणाबरोबर चिलीम ओढतो, यावरून त्यांनी जातींची प्रत्यक्ष उतरंड मांडली. ज्यांच्याशी नाते आहे एवढे ठाऊक असते ते आप्त निराळे आणि प्रसंगी प्रत्यक्ष उपयोगी पडतात ते आप्त निराळे, हा त्यांनी केलेला भेद पुढे या शास्त्रात सर्वमान्य झाला. देवासच्या १९६१ च्या नगरपालिका निवडणुकीत उमेदवारापासून मतदारापर्यंत मध्यस्थांची साखळी कशी पोहोचते, यावरील त्यांचा निबंध जगभर अभ्यासला जातो. ऐकणारा गायक आणि मोजणारा शास्त्रज्ञ हे एकाच दशकात, एकाच माळवी समाजापासून शिकत होते.

या सर्व प्रयत्नांतून ध्यानी येते ते असे की संशोधनात अखेरचा शब्द क्वचितच उच्चारला जातो. ब्रिटिश म्युझियममध्ये धारची १०३४ सालची एक मूर्ती आहे. १९२४ मध्ये ती भोजाची वाग्देवी म्हणून प्रसिद्धीस आणली गेली. पुढे हरिवल्लभ भायाणी यांनी तिच्यावरील लेख पुन्हा बारकाईने वाचला, तेव्हा वररुचीने आधी वाग्देवीची मूर्ती करविली व त्यानंतर ही अंबिकेची मूर्ती करविली, असा अर्थ त्यांनी लावला. ज्या नावाशी अनेकांची भक्ती जडलेली आहे त्याविषयी असे काही सांगणे अवघड असते. परंतु पहिले वाचन छापलेले व जपलेले होते, म्हणूनच दुसरे त्याच्याशी ताडून पाहता आले. जुन्या मताची नोंदच नाहीशी झाली असती, तर नव्या मताची पारख कोणत्या आधाराने करावयाची?

येथे ग्रंथालयाचा संबंध येतो. विद्यापीठांच्या शाखा वेगवेगळ्या इमारतींत बसतात. ग्रंथालयाच्या एका कपाटात मात्र शिलालेखांचा खंड, भूविज्ञानाचा अहवाल, रागांचे पुस्तक आणि गावाची पाहणी ही शेजारी शेजारी उभी राहू शकतात. लेले आणि शि. का. ओक यांनी मराठीत लिहिलेल्या ‘धार संस्थानचा इतिहास’सारखी पुस्तके, संस्थानांचे वार्षिक अहवाल, मोडीतील दप्तरे आणि घराघरांतील कागद हे फार थोड्या ठिकाणी उरले आहेत. माळव्यातील मराठी वाचणाऱ्यांची आणि त्याहून मोडी वाचणाऱ्यांची संख्या रोडावत चालली आहे. वाचक नाही म्हणून पुस्तक काढून टाकले, तर पुढे वाचक आला तरी पुस्तक असणार नाही. लेल्यांपूर्वी त्या शिला शतकानुशतके न वाचता पडून होत्या. त्या जागेवर राहिल्या, म्हणूनच १९०३ साल उजाडू शकले. आपल्या कपाटांतील न उघडलेल्या पुस्तकांविषयी सभासदांनी आणि आश्रयदात्यांनी हीच भावना ठेवावी, अशी या शताब्दीच्या प्रसंगी विनंती आहे.