पाटण्याचे हात, ब्रायटनचा हमाम

समुद्रकाठच्या आलिशान रिसॉर्टमध्ये चार दिवस राहावे, स्पामध्ये अंग रगडून घ्यावे, ही चैन आपल्याकडे पाश्चात्त्यांकडून आली, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. या चैनीच्या इतिहासातले एक महत्त्वाचे पान पाटण्याच्या एका माणसाने लिहिले आहे.

इंग्लंडमध्ये रिचर्ड रसेल या डॉक्टरांनी १७५० मध्ये समुद्राच्या पाण्याच्या औषधी उपयोगावर लॅटिन प्रबंध लिहिला. रोग्याने खाऱ्या पाण्यात स्नान करावे, ते प्यावेही, असा त्यांचा सल्ला होता. त्यानंतर ब्रायटन हे मच्छीमारांचे गाव धनिकांचे आरोग्यधाम होत गेले. पुढे चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आलेला युवराज तिथे मुक्काम करू लागला, तशी उमरावांची रीघ लागली. जॉन नॅश या वास्तुशिल्पीने त्याच्या प्रासादावर हिंदुस्थानी थाटाचे घुमट चढवले.

याच ब्रायटनमध्ये १८१४ मध्ये शेख दीन महंमद आले. जन्म पाटण्याचा, १७५९ चा. वडील कंपनीच्या फौजेत होते. ते गेल्यावर अकराव्या वर्षी हा मुलगा बेकर नावाच्या अधिकाऱ्याबरोबर छावणीत दाखल झाला. पुढे बेकरबरोबरच तो आयर्लंडला गेला आणि जेन डॅली या तरुणीशी त्याने लग्न केले. १७९४ मध्ये त्यांचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. हिंदी माणसाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेले ते पहिले पुस्तक. १८१० मध्ये त्यांनी लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाचे कॉफी हाउस काढले. दोन वर्षांत दिवाळे निघाले.

ब्रायटनच्या हमामात मात्र जम बसला. गिऱ्हाईक फ्लॅनेलच्या तंबूत बसे, आत वनौषधींची वाफ सोडत, आणि तंबूच्या फटींतून हात घालून बाहेरचा माणूस त्याचे अंग चेपी. याला ते ‘शाम्पू’ म्हणत. ‘चांपना’ या हिंदी क्रियापदापासून आलेला हा शब्द तेव्हा केस धुण्याचा नव्हता, मर्दनाचा होता. १८२१ मध्ये समुद्रासमोर त्यांची स्वतःची भव्य स्नानगृहे उभी राहिली. स्त्रियांचा विभाग जेन सांभाळत. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन्ही राजांचे ‘शाम्पूइंग सर्जन’ ही पदवी दीन महंमद यांना मिळाली. बऱ्या झालेल्या रोग्यांच्या कुबड्या स्नानगृहाच्या भिंतीवर मिरवत.

त्यांची दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली, तेव्हा मी एका विसंगतीपाशी थांबलो. १७९४ च्या पुस्तकातला मुलगा छावणीबरोबर हिंडणारा आहे. १८२२ मध्ये हमामाच्या उपचारांवर लिहिलेल्या पुस्तकात मात्र जन्मसाल दहा वर्षे मागे, १७४९ वर गेलेले दिसते, आणि वैद्यकाचे शिक्षण घेतल्याचा दावा येतो. वाढवलेल्या दहा वर्षांत ते शिक्षण बसवले आहे.

याला थाप म्हणून मोकळे होता येईल. मला त्यामागची निकड अधिक महत्त्वाची वाटते. पाय चेपणारा तो नोकर, आणि उपचार करणारा तो वैद्य. हात तेच, दाब तोच. फरक पडतो तो किताबाने. आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? दिवाळीच्या पहाटे अभ्यंगाचे कौतुक आपण करतो, पण मालिशवाल्याला कधी बैठकीत बसवले नाही. दीन महंमद यांनी ही पायरी ओळखली आणि ती चढण्यासाठी आपले आयुष्यच नव्याने लिहिले.

पुढे भागीदार वारला, मालमत्ता लिलावात गेली. १८५१ मध्ये ब्रायटनमध्येच त्यांचे निधन झाले. स्नानगृहांच्या जागी आज हॉटेल आहे. नातू फ्रेडरिक अकबर महंमद मात्र खरोखरीचे डॉक्टर झाले. लंडनच्या गाइज रुग्णालयात रक्तदाबावर त्यांनी केलेले संशोधन वैद्यकाच्या इतिहासात मोलाचे मानले जाते. आजोबांनी कागदावर मिळवलेले शिक्षण नातवाने प्रत्यक्षात मिळवले.

आज आपल्या किनाऱ्यांवरच्या रिसॉर्टांत हीच विद्या दरपत्रकावर इंग्रजी नावांनी परत आली आहे. तेल कुठले, वनस्पती कुठली, हे त्यात सविस्तर असते. चेपणाऱ्या माणसाची ओळख छातीवरच्या बिल्ल्यापुरती उरते. दोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने स्वतःचे नाव इमारतीवर कोरून घेतले होते. त्यासाठी त्याला वयाची दहा वर्षे वाढवून सांगावी लागली, हेही त्या चैनीच्या हिशेबात धरायला हवे.