फील्डच्या नावाआधीचा ‘एफ’

डेल्फीतला जुना कोड वाचलात तर एफनेम, एफविड्थ अशी फील्डची नावे दिसतील. हा ‘एफ’ शोभेचा नाही.

गोष्ट अल्गोल ६० पासून सुरू होते. त्या भाषेत पॅरामीटर नसलेली प्रोसीजर कंसाशिवाय बोलावत. नॉर्वेच्या डाल आणि निगार्ड यांनी सिम्युला ६७ त्याच पायावर उभी केली आणि ऑब्जेक्टच्या आत पोहोचायला टिंब वापरले. ‘खाते.शिल्लक’ असे लिहिले, तर शिल्लक साठवलेली आहे की मोजून दिली जाते, हे बाहेरून कळत नाही. सोय मोठी: उद्या साठवण्याऐवजी मोजायचे ठरले, तरी बाहेरचा कोड तसाच राहतो. बर्ट्रांड मेयर यांनी आयफेल भाषेत याला तत्त्वाचाच दर्जा दिला. पण मग दोघांना एकच नाव देता येत नाही.

आमच्या बंगळुरूत यशवंतपूर नावाचे रेल्वे स्थानक आहे आणि मेट्रो स्थानकही. नुसते ‘यशवंतपूरला उतरा’ म्हणून भागत नाही. जावात असा फरक कंस करतात, म्हणून एकाच क्लासमध्ये एकाच नावाचे फील्ड आणि मेथड चालतात. (अ‍ॅरेचे लेंग्थ कंसाविना, स्ट्रिंगचे कंसासह, परीक्षेत हमखास चुकणारी जागा.) सी++ मध्ये मात्र कंस असूनही अशी जोडी म्हणजे त्रुटी.

डेल्फी १९९५ची, पण घराणे पास्कलचे. कंस ऐच्छिक, लहान-मोठी अक्षरे सारखीच. तेव्हा ‘नेम’ हे नाव बाहेरच्या प्रॉपर्टीला गेले आणि आतल्या फील्डला ‘एफ’ चिकटला.

आंद्रेआस रुम्फ यांच्या निम भाषेचा पहिला कंपाइलर पास्कलमध्येच लिहिलेला होता. तिच्या जुन्या मॅन्युअलमध्येही हा ‘एफ’ आढळतो. निममध्ये प्रोसीजर ऑब्जेक्टच्या बाहेर असते आणि ‘एस.ताप’ म्हणजेच ‘ताप(एस)’. ताप नावाचे फील्डही असेल तर? जिथे फील्ड दिसते तिथे फील्ड जिंकते. फील्डपुढे तारांकन नसेल तर ते मॉड्यूलबाहेर दिसत नाही, तिथे प्रोसीजर चालते.

नियम सुटसुटीत आहे, पण मला तो धोक्याचा वाटतो. समजा, फील्डमध्ये तापमान सेल्सिअसमध्ये आहे आणि प्रोसीजर फॅरनहाइट देते. बाहेरचे एखादे फंक्शन तुम्ही जसेच्या तसे उचलून त्या मॉड्यूलमध्ये आणले, तर तीच ओळ आता ९८.६ ऐवजी ३७ देईल. टाइप दोन्हीकडे फ्लोटच, म्हणून कंपाइलर काहीच बोलणार नाही.