पावसाचे उलटे पंचांग : मॉरिशसमधील मराठी वसाहतीचा एक विचार

तापीच्या उत्तर तीरावरील कोसाड हे गाव आता सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत सामावले आहे. त्याच्या एका बाजूस रांदेर आणि दुसऱ्या बाजूस कठोर. या टापूतील मुस्लिम व्यापारी एकोणिसाव्या शतकात ब्रह्मदेश, दक्षिण आफ्रिका, रीयुनियन आणि मॉरिशस येथे जाऊन स्थिरावले, हे सर्वश्रुत आहे. मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई येथे 'सुरती' या नावाने त्यांचा समाज आजही ओळखला जातो. तथापि त्याच बेटावर, त्याच शतकात, आपल्या कोकणातील मराठी माणसेही उतरली होती. सुरती व्यापारी स्वतःच्या खर्चाने गेला. त्याच्यापाशी वहीखाते होते आणि पत्रे लिहून मायदेशाशी संबंध राखण्याची सोयही होती. कोकणी माणूस गेला तो करारावर अंगठा उठवून. लेखणीवाचून गेलेल्या या माणसाने परक्या भूमीत घर कसे वसविले, याचा थोडक्यात परामर्श घेण्याचे येथे योजिले आहे.

इंग्रजांनी मॉरिशस बेट फ्रेंचांकडून १८१० मध्ये जिंकून घेतले. पुढे १८३५ च्या १ फेब्रुवारीस तेथील गुलामगिरी संपुष्टात आली आणि उसाच्या मळ्यांस मजुरांची चणचण भासू लागली. तत्पूर्वीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, 'अ‍ॅटलस' या जहाजाने कलकत्त्याहून ३६ करारबद्ध मजूर पोर्ट लुई बंदरात आणले होते. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे त्या धक्क्यावर उतरली. ज्या आगारात त्यांची नोंद होई, ते स्थान आज 'आप्रवासी घाट' या नावाने ओळखले जाते आणि २००६ साली त्यास जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आहे. मजुरांच्या हालअपेष्टांची ओरड झाल्यामुळे ही वाहतूक १८३८ च्या सुमारास थांबविण्यात आली. १८४२ मध्ये ती कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन बंदरांतून पुन्हा सुरू झाली. मुंबईचा वाटा इतर दोहोंच्या मानाने लहान होता. त्यात प्रामुख्याने रत्नागिरी व लगतच्या कोकणपट्टीतील कुणबी-मराठा कष्टकऱ्यांचा भरणा होता.

आरंभीच्या करारात पाच वर्षांची बांधिलकी, महिना पाच रुपये वेतन, शिवाय तांदूळ, डाळ, मीठ व थोडे कापड, असा व्यवहार असे. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांचे वेतन कापले जाई. आगाराच्या नोंदवहीत नाव, पित्याचे नाव, वय, उंची, जात, गाव व अंगावरील खूण यांची टिपणे होत. फ्रेंच-इंग्रजी कानांनी ऐकलेली ती नावे वेडीवाकडी उतरली. पुढे पूर्वजाचे एकेरी नाव हेच त्याच्या वंशजांचे आडनाव होऊन बसले. ज्यांनी स्वतः कधी अक्षर गिरविले नाही, त्यांची वंशावळ अशा रीतीने परक्याच्या अक्षरांत जतन झाली, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा!

कोकणातल्या माणसास पाऊस नवा नव्हता. तिकडचा पाऊस मात्र उलट्या ऋतूत येणारा निघाला. मॉरिशस दक्षिण गोलार्धात आहे. तेथील उन्हाळा आपल्या हिवाळ्यात पडतो आणि मुख्य पाऊस डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत कोसळतो. समुद्रावरून येणारे आग्नेय वारे मधल्या पठारावर आदळतात. म्हणून क्युरपीप व व्हाकोआ ही गावे वर्षभर ओलीचिंब असतात, तर पश्चिम किनारा त्या मानाने कोरडा राहतो. या पावसाबरोबर चक्रीवादळेही येतात. २९ एप्रिल १८९२ च्या वादळात सुमारे बाराशे माणसे मृत्युमुखी पडली. त्याआधी, १८६७ मध्ये, हिवतापाने हजारोंचा बळी घेतला होता. तेव्हा ऐपतदार गोरे लोक किनारा सोडून थंड पठारावर राहावयास गेले. मजुरास मात्र मळ्यावरील गवती खोपट सोडून जाण्याची मुभा नव्हती.

येथे एक सूक्ष्म प्रश्न उभा राहतो. आपले सणवार हे पावसाच्या आणि शेतीच्या फेऱ्यावर बेतलेले आहेत. भाद्रपदात कोकणात भात पोटरीस येते, आवणीची दगदग सरलेली असते आणि गौरी-गणपतीस सवड मिळते. मॉरिशसमध्ये भाद्रपद येतो तो थंडीच्या अखेरीस, आणि जून ते डिसेंबर या ऊसतोडणीच्या ऐन धामधुमीत. भूमीने सणाचा आधारच काढून घेतला होता. तरीही त्या लोकांनी सण ऋतूवर न ठेवता तिथीवर ठेवला आणि तोडणीच्या दिवसांतच गणपती बसविला. तेथील सार्वजनिक गणेशोत्सवाचा आरंभ १८९६ साली हेन्रिएटा गावी झाला, असे सांगितले जाते. आज गणेशचतुर्थी ही त्या देशात सार्वजनिक सुटी आहे. गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांना मध्ये बसवून त्यांच्याभोवती फेर धरणारी आपली जाखडी तेथे 'झाकरी' या नावाने जिवंत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे विकावयास काढले, तेव्हा मजुरांतील अनेक हिंदी माणसे लहान शेतकरी झाली. पश्चिमेकडील कास्काव्हेलसारख्या गावी मराठी वस्ती व मंदिर नांदू लागले. वसाहतीचे बिऱ्हाड मोडून घर उभे राहिले ते असे.

भाषेची कहाणी मात्र इतकी सुखाची नाही. मळ्यावर बिहारकडील लोकांचे बाहुल्य असल्यामुळे भोजपुरी ही शिवाराची भाषा झाली, आणि बाजारात व पुढे घराघरांत क्रिओलने ठाण मांडले. मराठी भजनात राहिली, आरतीत राहिली, लग्नाच्या गाण्यांत राहिली. रोजच्या बोलण्यातून ती हळूहळू ओसरली. १९६८ साली बेट स्वतंत्र झाल्यानंतर तिला शाळांतून ऐच्छिक विषयाचे स्थान मिळत गेले. १९७० मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचे अध्यापन होते आणि आगाराच्या त्या जुन्या नोंदवह्याही तेथेच सांभाळल्या जातात. पणजोबांच्या गावाचे नाव शोधावयास येणारा तरुण आणि पणजोबांची भाषा पुस्तकातून नव्याने शिकणारा विद्यार्थी, हे दोघेही त्या एकाच वास्तूच्या दारी येतात.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. कंठात जपलेला ठेवा माणसास परक्या पावसात तग धरावयास पुरला; त्याने देव टिकविला, सण टिकविला, आपण कोण याची खूण टिकविली. पण बोलती भाषा पिढ्यान्‌पिढ्या टिकवावयाची तर केवळ कंठ पुरत नाही, तिला वाचनाचे अधिष्ठान लागते. मॉरिशसच्या मराठी माणसास आरंभीची शंभर वर्षे ते सहजी लाभले नाही. आपणांस ते लाभले आहे. महाराष्ट्राबाहेर वा महाराष्ट्रात, जेथे जेथे मराठी ग्रंथालयाने शंभर वर्षे आपले दार उघडे ठेविले, तेथे तेथे त्याने केवळ पुस्तकांची देवघेव केली नसून, एका समाजास आपल्या भाषेत विचार करण्याची सोय करून दिली आहे. सभासदांची वर्गणी आणि आश्रयदात्यांचे औदार्य यांचे मोल या मापाने मोजावयास हवे.