28-25 : पलटणच्या विजेतेपदाचा हिशोब

आजचा भाग एका स्कोअरबद्दल आहे. 28-25. तारीख 1 मार्च 2024, ठिकाण हैदराबादचं गच्चीबोवली इनडोअर स्टेडियम, सामना प्रो कबड्डीच्या दहाव्या सीझनची फायनल. पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला तीन पॉइंटने हरवलं आणि लीग सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच करंडक जिंकला. तो करंडक उचलणारा कर्णधार होता अस्लम इनामदार, आपल्या नगर जिल्ह्यातला.

नगरमध्ये ही गोष्ट कशी सांगितली जाते ते तुम्हाला माहीत आहेच. वडील लवकर गेले, आईने कष्ट करून घर चालवलं, पोरगं कबड्डी खेळत खेळत भारताच्या संघात गेलं आणि पलटणला चॅम्पियन करून आलं. यात खोटं काहीच नाही. पण यात कबड्डी कुठे आहे? त्या दिवशी मॅटवर नक्की काय झालं, हे या गोष्टीतून कळत नाही. आणि ते कळलं नाही तर आपल्या तालुक्याच्या मैदानांवर खेळणारी पोरं त्यातून चुकीचा धडा घेतील, असं मला वाटतं. म्हणून आज जरा आकडे उघडून बसू.

पहिला आकडा असा : फायनलमध्ये पलटणकडून सगळ्यात जास्त पॉइंट अस्लमचे नव्हते. ते पंकज मोहितेचे होते, 9. त्यानंतर मोहित गोयत, 5. आणि तरीही संपूर्ण सीझनचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून बक्षीस मिळालं ते अस्लमला. शेवटच्या दिवशी मॅच काढून दिली एकाने आणि सीझनचा मानकरी ठरला दुसरा. या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात, तेच आज बघायचंय.

तळापासून सुरुवात

थोडं मागे जाऊ. प्रो कबड्डी सुरू झाली 2014 मध्ये, आठ संघांसह. पुणेरी पलटण पहिल्या दिवसापासून आहे. पहिल्या सीझनला पलटण आठवी आली. दुसऱ्या सीझनलाही आठवी. त्याच दुसऱ्या सीझनला, 2015 मध्ये, शेजारच्या यू मुंबाने बंगळुरू बुल्सला 36-30 हरवून करंडक नेला. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं ते पहिलं विजेतेपद. पण त्या संघाचा कर्णधार अनुप कुमार हरियाणाचा.

यात कमीपणा काही नाही, अनुप कुमार मोठाच खेळाडू. पण मराठी कबड्डीवाल्याच्या मनात ही सल जुनी आहे. या खेळाचे नियम बांधले गेले ते मुख्यतः महाराष्ट्रात. शंकरराव साळवींसारख्या माणसाने खेळासाठी आयुष्य दिलं, त्यांचा जन्मदिवस 15 जुलै आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो. पण खेळ मातीवरून मॅटवर गेला आणि हरियाणा, रेल्वे, सेनादल पुढे निघून गेले. 2018 च्या जानेवारीत रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, ती 11 वर्षांनी. सेनादलाला 34-29 हरवून. आणि योगायोग बघा, ती फायनलही हैदराबादला गच्चीबोवलीतच झाली होती.

पलटण मधल्या काळात काय करत होती? नावं विकत घेत होती. मनजीत छिल्लर आला, तिसऱ्या आणि चौथ्या सीझनला संघ तिसरा आला. मग दीपक हुडा आला. पुढे राहुल चौधरी आणि नितीन तोमर. ही सगळी त्या त्या वेळची मोठी नावं. पण फायनल काही दिसेना.

आठवा सीझन : बाकावरची पोरं

बदल झाला आठव्या सीझनला. हा सीझन 2021 च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला, करोनामुळे अख्खा बंगळुरूत, प्रेक्षकांविना. अनुप कुमार तेव्हा पलटणचा कोच. पोस्टरवर राहुल चौधरी आणि नितीन तोमर होते, पण सीझन पुढे सरकला तसं रेडिंगचं काम दोन नवख्या पोरांकडे गेलं : अस्लम इनामदार आणि मोहित गोयत. संघ प्लेऑफमध्ये पोचला, तिथे यूपी योद्धाकडून 42-31 हरला. पण त्या पराभवातून एक गोष्ट मिळाली. मॅनेजमेंटला कळलं की आपल्याकडे दोन रेडर आहेत, आणि ते दोघेही तरुण आहेत.

पुढच्या सीझनला बी. सी. रमेश कोच म्हणून आले. बंगाल वॉरियर्सला 2019 चं विजेतेपद मिळालं तेव्हा कोच तेच होते. सोबत इराणचा फझल अत्राचली 1 कोटी 38 लाखांना घेतला आणि कर्णधार केला. संघ फायनलला पोचला खरा, पण ऐन प्लेऑफला अस्लम आणि मोहित दोघेही दुखापतीमुळे बाहेर. सेमीफायनलमध्ये पंकज मोहितेने एकट्याने 16 पॉइंट काढले आणि तमिळ थलैवाजला 39-37 हरवलं. दोनच दिवसांनी, 17 डिसेंबर 2022 ला, मुंबईत जयपूर पिंक पँथर्सविरुद्ध ते जमलं नाही. 33-29. चार पॉइंटने करंडक गेला.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक भीती कायम असते. सिस्टीममध्ये असा एकच भाग असणं, जो बंद पडला की सगळंच बंद. कबड्डीत हा भाग म्हणजे बहुतेक वेळा मुख्य रेडर. तो बाहेर बसला की संघाचा श्वास अडकतो, कारण त्याला परत मॅटवर आणायला कोणीतरी पॉइंट काढावाच लागतो, आणि पॉइंट काढणारा तर तोच असतो. नवव्या सीझनची पलटण या खड्ड्यात पडता पडता सेमीफायनलला वाचली आणि फायनलला पडली.

दहावा सीझन : हिशोब बदलला

2023 चा ऑक्टोबर बघा. 7 तारखेला चीनमध्ये हांगझोउला एशियन गेम्सची फायनल झाली, भारत विरुद्ध इराण. 28-28 असताना एका रेडवरून वाद झाला, खेळ बराच वेळ थांबला, आणि शेवटी भारत 33-29 जिंकला. भारताच्या संघात अस्लम होता. समोर इराणच्या बचावात मोहम्मदरेझा शादलुई. त्यानंतर दोन-तीन दिवसांत मुंबईत लिलाव झाला आणि पलटणने त्याच शादलुईला 2 कोटी 35 लाखांना घेतलं. पैसा ओतला तो बचावावर. रेडिंग मात्र घरच्या पोरांकडेच राहिलं : अस्लम, मोहित, पंकज. आणि कर्णधारपद अस्लमकडे.

बचाव असा उभा राहिला : डाव्या कोपऱ्यात शादलुई, उजव्या कोपऱ्यात गौरव खत्री, मध्ये संकेत सावंत आणि अबिनेश नादराजन. शादलुईने त्या सीझनला 99 टॅकल पॉइंट काढले आणि सर्वोत्तम बचावपटू ठरला.

साखळीत पलटणचे 22 सामने झाले. 17 जिंकले, 2 हरले, 3 बरोबरीत. गुण 96. हा 96 आकडा मला फार आवडतो, कारण त्याची फोड केली की संघाचा स्वभाव दिसतो. त्या सीझनला विजयाला 5 गुण, बरोबरीला 3, आणि 7 किंवा त्याहून कमी पॉइंटने हरलात तर सांत्वनाचा 1 गुण होता. आता 17 पाचे 85. तीन बरोबरींचे 9. झाले 94. उरले 2. म्हणजे हरलेल्या दोन्ही सामन्यांत पलटणने तो एकेक गुण घेतला. पूर्ण साखळीत हा संघ एकदाही 7 पेक्षा जास्त फरकाने हरला नाही.

आता अस्लमकडे येऊ. त्या सीझनला आशू मलिकने 276 रेड पॉइंट केले. अस्लम त्या आकड्याच्या जवळपासही नव्हता. मग सर्वोत्तम खेळाडू तो कसा? कारण त्याचं काम नुसतं रेडचं नव्हतं. तो पकडीतही उतरायचा. मोहित चालत असेल तर त्याला रेड द्यायचा, पंकजला संधी द्यायचा, स्वतः कधी जायचं नाही हे त्याला कळायचं. कबड्डीत रेड ही वाटून घ्यायची गोष्ट आहे. एका रेडला 30 सेकंद, अर्धा डाव 20 मिनिटांचा. प्रत्येक रेड कोणाला द्यायची हा निर्णय असतो, आणि तो चुकला तर कोणाच्याही नावावर लागत नाही, स्कोअर मात्र हलतो.

फायनल : तीन पॉइंट आले कुठून?

सेमीफायनलला पलटणने पाटणा पायरेट्सला 37-21 असं सहज हरवलं होतं. फायनल तशी होणार नव्हती. समोर हरियाणा, कोच मनप्रीत सिंग, कर्णधार जयदीप दहिया, बचाव दणकट. आणि त्यांचे रेडर बघा : कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडचा सिद्धार्थ देसाई आणि महाराष्ट्राचाच शिवम पटारे. म्हणजे ही पुणे विरुद्ध हरियाणा फायनल, पण पलटणच्या बचावासमोर कबड्डी-कबड्डी म्हणत येणारी पोरं मराठीच. शिवमने 6 पॉइंट काढलेही.

सुरुवातीपासून मॅच बंद होती. कोणी घाई करेना, बोनस घ्यायचा, नाहीतर रिकामं परत यायचं. सलग दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरीला पॉइंट काढावाच लागतो, नाहीतर रेडर बाद. दोन्ही संघ समोरच्याला त्या तिसऱ्या रेडपर्यंत ढकलत होते. अशा मॅचमध्ये एक मोठी रेड सगळं फिरवते. पहिल्या डावात ती पंकज मोहितेने केली. एका रेडमध्ये चार पॉइंट. मध्यंतराला पलटण 13, हरियाणा 10.

आता वजाबाकी करा. शेवटचा स्कोअर 28-25. मध्यंतराला 13-10. म्हणजे दुसरा डाव 15-15. बरोबरीत! उत्तरार्धात हरियाणा एका पॉइंटनेही मागे नव्हती. विजेतेपदाचा सगळा फरक पहिल्या डावातल्या तीन पॉइंटचा, आणि ते तीन पॉइंट त्या एका चार पॉइंटच्या रेडच्या आत मावतात.

पण एक लक्षात घ्या. चार पॉइंटची रेड म्हणजे नुसते चार पॉइंट नाहीत. समोरचे गडी कमी होतात आणि बाकावरचे आपले गडी परत येतात. मग जे उरलेत त्यांना गाठून लोण द्यायचा, त्याचे आणखी दोन. पलटणने दुसऱ्या डावाच्या सुरुवातीलाच हरियाणावर लोण चढवला. तिथून हरियाणा जिद्दीने परत आली, एकेक पॉइंट करत. पण गौरव खत्रीने पकडीचे 4 पॉइंट घेतले आणि आघाडी शेवटपर्यंत टिकली. मॅच सनसनाटी झाली नाही. पलटणला ती तशी व्हायलाच नको होती.

आणि पंकज कोण? नवव्या सीझनला मुख्य रेडर बाहेर असताना ज्याने सेमीफायनल काढली आणि फायनल गमावली, तोच. सव्वा वर्षाने तोच फायनलला उभा राहिला, फरक इतकाच की आता शेजारी अस्लम आणि मोहित होते. बचावाला तिघांवर लक्ष ठेवायचं होतं. एकट्या पंकजला घेरता येतं, तिघांना एकदम घेरता येत नाही. अस्लमचं त्या दिवशीचं मोठं काम मॅटवर असणं हे होतं.

त्यानंतर

कोणी म्हणेल, म्हणजे मग संघ असा बांधला की झालं, कायमचे चॅम्पियन. तसंही नाही. अकराव्या सीझनला शादलुई लिलावात हरियाणाकडे गेला, अस्लम गुडघ्याच्या दुखापतीने मधूनच बाहेर पडला, आणि पलटण प्लेऑफलाही पोचली नाही. फायनल पुण्यात बालेवाडीला झाली, आणि तिथे जिंकली कोण? हरियाणा स्टीलर्स, पाटण्याला 32-23 हरवून, शादलुईसह. बाराव्या सीझनला पलटण परत फायनलला आली, 31 ऑक्टोबर 2025, दिल्लीत. दबंग दिल्लीने 31-28 हरवलं. पुन्हा तीनच पॉइंट, यावेळी उलट्या बाजूने.

म्हणजे चार सीझनमध्ये तीन फायनल, आणि तिन्हींचा फरक 4, 3, 3. एवढ्या बारीक फरकाच्या खेळात हिरो शोधण्यापेक्षा ते तीन पॉइंट कुठे कमावले आणि कुठे सोडले हे बघणं जास्त कामाचं आहे.

महाराष्ट्रातल्या संघाने मराठी कर्णधाराखाली जिंकलेलं हे प्रो कबड्डीतलं पहिलं विजेतेपद, आणि तो कर्णधार नगरचा. त्याच मार्च महिन्यात राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाही आपल्या वाडिया पार्कला झाली. अभिमान वाटावा असाच तो महिना होता. पण अस्लमसारखं व्हायचं म्हणणाऱ्या पोरांना एवढं जरूर सांगा : अस्लमच्या रेडचे व्हिडिओ बघाच, पण तो रेडला जात नाही तेव्हा काय करतो तेही बघा. आपण बाहेर बसलो तरी संघ हलत राहील असा संघ बांधणं, आणि मोठ्या दिवशी दुसऱ्याच्या 9 पॉइंटवर मनापासून उड्या मारणं, हेही कबड्डीच आहे. गावच्या स्पर्धेत सात गडी निवडताना ते आठवलं तर या भागाचं काम झालं.

भेटू पुढच्या भागात.