अंत्यविधीचा विमा : दर, पारख आणि एजंट

आपल्या शेवटच्या खर्चाची तरतूद आपणच जिवंतपणीं करून ठेवावी, ही कल्पना विमा कंपन्यांनीं शोधून काढलेली नव्हे. रोमजवळ लॅनुव्हियम नांवाच्या गांवीं इसवी सन १३६ मधला एक शिलालेख सांपडला आहे. डायना देवी व अँटिनोअस यांच्या उपासक मंडळीचे नियम त्यावर कोरलेले आहेत. प्रवेश-फी १०० सेस्टर्स आणि चांगल्या मद्याचा एक घडा. पुढें दरमहा ५ आस. सभासद वारला म्हणजे त्याच्या अंत्यविधीसाठीं ३०० सेस्टर्स मिळत, व त्यांतले ५० चितेपाशीं हजर राहणारांना वांटले जात. चार आसांचा एक सेस्टर्स, म्हणजे वर्षाची वर्गणी १५ सेस्टर्स झाली. हिशेब मांडून पाहिला तर सुमारें तेरा वर्षें चार महिने वर्गणी भरणाराचें देणें आणि घेणें सारखें होतें. त्याच्या आधीं जाणारा नफ्यांत, मागून जाणारा तोट्यांत. अर्थात् अशा ठिकाणीं नफा हा शब्द वापरावा कीं नाहीं, हा प्रश्न निराळा!

वयाप्रमाणें दर बदलल्याचें त्या नियमांत कोठें दिसत नाहीं. तरुणाला व म्हाताऱ्याला वर्गणी एकच. एक अट अशी होती : आत्महत्या करणाराला अंत्यविधीचा हक्क नाहीं. गांवापासून वीस मैलांपलीकडे सभासद वारल्याची वार्ता आली तर तीन माणसें तिकडे जाऊन क्रिया उरकीत. गुलामाच्या धन्यानें प्रेत देण्याचें नाकारलें तर त्याची प्रतिमा करून तिच्यावर संस्कार करीत. आपल्याकडील पालाशविधि ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यांत नवल वाटावयास नको.

यानंतर एकदम एकोणिसाव्या शतकांतल्या इंग्लंडमध्यें यावें. १८३२ साली तेथें शरीरशास्त्राच्या अभ्यासासंबंधीं कायदा झाला, व दरिद्राश्रमांत मेलेल्या बेवारस माणसाचें प्रेत वैद्यकशाळेकडे छेदनासाठीं देण्यास मोकळीक मिळाली. पूर्वीं हा प्रकार फांशीं गेलेल्या खुन्यांच्या नशिबीं असे. आतां तो गरिबीच्या नशिबीं आला. गिरणीकामगार पोटाला चिमटा घेऊन दफनासाठीं पैसा कां सांठवीत, याचें उत्तर केवळ बडेजावाच्या हौसेंत शोधणारांनीं हा कायदा वाचलेला नसतो. दारूच्या गुत्त्यांत भरणारे दफन-क्लब गल्लोगल्लीं निघाले. त्यांचा हिशेब कच्चा, चिटणीस कधीं कधीं त्याहून कच्चा. एडविन चॅडविक यानें शहरांतील दफनासंबंधीं १८४३ साली जो अहवाल लिहिला, त्यांत या क्लबांची झडती आहे.

या गोंधळांत प्रुडेन्शियल कंपनी उतरली. ती लंडनमध्यें १८४८ साली निघाली व १८५४ साली तिनें कामकरी वर्गाचा विमा सुरू केला. हप्ता आठवड्याला एक पेनीपासून. हेन्री हार्बेन या मनुष्यानें त्या धंद्याला वळण लावलें. कंपनीचा माणूस दर आठवड्याला दाराशीं येई, पेनी घेई आणि वहींत टिपून जाई. डॉक्टरी तपासणी बहुधा नसेच. पारख करावयाची ती एजंटाच्या डोळ्यांनीं : घर कसें आहे, खोकल्याचा आवाज कसा येतो, बाई खुर्चीवरून उठतांना धापा टाकते काय. आज 'अंडररायटिंग' हा भारदस्त शब्द ज्या कामाला लावतात, तें काम गरिबांच्या बाबतींत असें उंबरठ्यावर उभ्या उभ्या होत असे.

मुलांच्या विम्यावरून मोठें वादळ उठलें. आईबाप विम्याच्या लोभानें मुलांची हेळसांड करतात, असा ओरडा झाला व १८७५ च्या कायद्यानें पांच वर्षांखालील मुलासाठीं ६ पौंड आणि दहा वर्षांखालील मुलासाठीं १० पौंड अशी मर्यादा घातली. मर्यादा शहाणपणाची होती. परंतु त्या ओरड्यांत पुराव्यापेक्षां गरिबांविषयींचा संशय अधिक होता, असें माझें मत आहे. ज्या वस्तींत मुलें भराभर दगावत, तेथें मुलाच्या दफनाची तजवीज ही रोजच्या भाकरीइतकीच निकडीची होती.

खरा आक्षेप घ्यावयाचा तर तो खर्चावर घ्यावा. एक पेनी गोळा करण्यासाठीं माणूस वर्षांतून बावन्न वेळां जिना चढतो, त्याचें वेतन त्याच पेनींतून निघतें. १९४२ साली सर विल्यम बेव्हरिज यांनीं आपल्या अहवालांत दाखविलें कीं, अशा विम्यांत एका पौंडामागें सुमारें साडेसात शिलिंग व्यवस्थेंतच खर्च होतात. त्यांच्या सूचनेवरून १९४९ पासून सरकार मृत्यूनंतर २० पौंडांची मदत देऊं लागलें; ती १९८७ साली बंद झाली. पण दाराशीं कोणी आलेंच नसतें तर ती पेनी शिल्लक पडली असती काय? कंपन्यांचा हा बचाव अगदींच पोकळ नव्हता.

अमेरिकेंत हें रोप जॉन ड्रायडन यानें नेलें. नेवार्क शहरीं १८७५ साली त्यानें इंग्रजी नमुन्यावर धंदा मांडला, आणि त्याच्या कंपनीनेंही प्रुडेन्शियल हेंच नांव घेतलें. मेट्रोपॉलिटन कंपनी १८७९ साली याच क्षेत्रांत आली आणि तिनें तर अनुभवी एजंट इंग्लंडहून आणविले. मात्र तेथें पारखीच्या प्रश्नाला एक विषारी फांटा फुटला. १८८१ साली ड्रायडनच्या कंपनीनें ठरविलें कीं, कृष्णवर्णीय प्रौढानें हप्ता गोऱ्याइतकाच भरावा, पण मरणोत्तर रक्कम त्याला एक तृतीयांशानें कमी मिळावी. मॅसॅच्युसेट्स संस्थानानें १८८४ साली कायद्यानें असा भेद बंद केला. तेव्हां कंपन्यांनीं आंकड्यांचा आधार शोधला. फ्रेडरिक हॉफमन या त्यांच्या संख्याशास्त्रज्ञानें १८९६ साली एक ग्रंथ लिहून, कृष्णवर्णीयांचें अधिक मृत्युमान हें त्यांच्या वंशांतच आहे, असा निष्कर्ष काढला. केली मिलर व डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनीं त्याचे वाभाडे काढले. कोंदट घरें, अपुरें अन्न, डॉक्टरांचा अभाव हीं कारणें बाजूस सारून मरणाचा दोष कातडीवर ठेवावयाचा, हें शास्त्र नव्हे, असा त्यांचा रोख होता.

आपल्याकडील श्रोत्यांना हें सारें ओळखीचें वाटेल. हिंदुस्थानांतील विलायती कंपन्या प्रथम हिंदी माणसाचा विमा घ्यावयास नाखूष असत आणि घेतला तर हप्त्यावर जादा आकार लावीत. मुंबईंत १८७० साली निघालेल्या बॉम्बे म्युच्युअल संस्थेनें हिंदी लोकांचा विमा साध्या दरानें उतरविला, आणि १८७४ साली ओरिएंटल कंपनी निघाली. अमेरिकेंत तेंच कार्य उत्तर कॅरोलायनांतील डरॅम गांवीं १८९८ साली जॉन मेरिक व डॉ. आरन मूर यांनीं आरंभिलें. मेरिक जन्मानें गुलाम, धंद्यानें न्हावी. पहिला दावा ४० डॉलरांचा आला तेव्हां तिजोरींत तेवढे पैसे नव्हते, म्हणून चालकांनीं आपल्या खिशांतून रक्कम पुरी केली, असें सांगतात. पुढें ही नॉर्थ कॅरोलायना म्युच्युअल फार मोठी झाली. गोऱ्या कंपन्यांचे जुने भेद मात्र कागदोपत्रीं दीर्घकाळ जगले. एका कंपनीला २००० साली २० कोटी ६० लक्ष डॉलरांची, तर मेट्रोपॉलिटनला २००२ साली सुमारें १६ कोटी डॉलरांची तडजोड करावी लागली.

दरांची तुलना ग्राहकाच्या बाजूनें जाहीरपणें मांडली ती लुई ब्रँडाइस या वकिलानें. १९०६ साली त्यानें हिशेब दिला तो असा : एकविसाव्या वर्षापासून आठवड्याला अर्धा डॉलर भरणारा कामगार सरासरी आयुर्मानानें वारला तर विमा कंपनीकडून त्याच्या घरच्यांना ८२० डॉलर मिळतील, तेच पैसे बचत-पेढींत टाकले असते तर सुमारें २,२६५ झाले असते. या हिशेबांत लवकर मरणाराचा विचार नाहीं, हें खरें. तरी तफावत इतकी होती कीं, १९०७ साली मॅसॅच्युसेट्सनें बचत-पेढ्यांना एजंटावांचून विमा विकण्याची परवानगी दिली.

साप्ताहिक पेनी आतां इतिहासजमा झाली आहे, परंतु अमेरिकेंत शेवटच्या खर्चाचा विमा मोठ्या प्रमाणावर चालू आहे. तेथील दफनसंस्थांच्या संघटनेनें २०२३ साली प्रेतदर्शनासह दफनाचा मध्यम खर्च ८,३०० डॉलर दाखविला. सामाजिक सुरक्षा खात्याकडून मिळणारी एकरकमी मदत २५५ डॉलर! मधली दरी भरण्यासाठीं पन्नाशीपासून पुढचीं माणसें कांहीं हजारांच्या लहान पॉलिसी घेतात. डॉक्टरी तपासणी येथेंही नाहीं. प्रश्नपत्रिका आहे, आणि औषधांच्या नोंदी कंपनी स्वतंत्रपणें पाहते.

स्वतंत्र एजंटाचें कसब येथें लागतें. वय, स्त्री कीं पुरुष आणि तंबाखूचें व्यसन एवढ्यावरून दर सांगणें सोपें आहे. पण प्रत्येक कंपनीचे नियम निराळे. इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेह्याला एक कंपनी पहिल्या दिवसापासून पूर्ण विमा देते, दुसरी पहिलीं दोन वर्षें रक्कम अपुरी ठेवते, तिसरी नाकारते. फुप्फुसाचा जुना विकार, दोन वर्षांच्या आंतला हृदयविकाराचा झटका, घरीं प्राणवायूची नळी, या प्रत्येकाची हीच तऱ्हा. कोणताच प्रश्न न विचारणारी पॉलिसीही मिळते. तिचा हप्ता चढा, आणि दोन-तीन वर्षांच्या आंत आजारानें मरण आल्यास भरलेले हप्ते व थोडीशी भर एवढेंच परत येतें. म्हणून दरपत्रकांतला सर्वांत स्वस्त आंकडा पुष्कळदां त्या विशिष्ट माणसाला लागूच नसतो. शहाणा एजंट आधीं औषधांच्या बाटल्या मागून घेतो, दुखणीं केव्हांचीं तें वर्षासह लिहितो, मग दर उघडतो. दुखणें लपविण्यास सुचविणारा एजंट कुटुंबाचा घात करतो; कारण पहिल्या दोन वर्षांत दावा आल्यास कंपनी अर्जांतलीं उत्तरें पडताळून पाहूं शकते, आणि त्या वेळीं खुलासा करावयास अर्जदार हयात नसतो.

दुसरा मोह कमिशनाचा. तें पहिल्या वर्षीं भरपूर व पुढें थोडें असतें, त्यामुळें चांगली चाललेली जुनी पॉलिसी सोडवून नवी गळ्यांत घालण्याकडे कांहींचा कल होतो. महिन्याला चार डॉलर वांचतात, असें म्हाताऱ्या बाईला सांगितलें जातें. तें खोटेंही नसतें. तिचे जुने हप्ते मात्र मागें पडतात, आणि नव्या पॉलिसीवर पडताळणीचीं तीं दोन वर्षें पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजलीं जातात.