सर्दीचे औषध आणि एक कांस्यपदक : इन्सब्रुक, १९७६

७ फेब्रुवारी १९७६. ऑस्ट्रियातील इन्सब्रुकच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये महिलांची पाच किलोमीटरची क्रॉस-कंट्री स्की शर्यत झाली. फिनलंडच्या हेलेना ताकालो पहिल्या, सोव्हिएत युनियनच्या रायसा स्मेतानिना अवघ्या एका सेकंदाने दुसऱ्या आणि त्यांच्याच संघातील गालिना कुलाकोवा १६ मिनिटे ७ सेकंदांत तिसऱ्या आल्या. आज अधिकृत निकालात तिसऱ्या क्रमांकावर कुलाकोवांचे नाव नाही. ते पदक काढून घेण्यात आले, आणि कारण होते नाकात मारलेला सर्दीचा स्प्रे.

कुलाकोवा म्हणजे कोणी नवखी खेळाडू नव्हे. रशियाच्या उदमुर्तिया प्रांतातील एका खेड्यात १९४२ साली जन्मलेल्या या बाईंनी १९७२च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये महिलांच्या तिन्ही स्की शर्यती जिंकल्या होत्या : पाच किलोमीटर, दहा किलोमीटर आणि रिले. १९७४ साली फालून येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतही तीनपैकी तिन्ही सुवर्णपदके त्यांचीच. इन्सब्रुकला त्या तेहतीस वर्षांच्या होत्या आणि सर्दीने बेजार होत्या.

सर्दी ही किरकोळ बाब वाटेल. पण या खेळाचे स्वरूप पाहावे. हात, पाय, पाठ, पोट असे सारे शरीर एकाच वेळी कामाला लागते. मिनिटाला शंभर लिटरहून अधिक हवा छातीत खेचावी लागते, आणि ती हवा गोठणबिंदूखालची व अत्यंत कोरडी असते. निरोगी माणसाच्याही श्वासनलिका तिने आकसतात. म्हणूनच या खेळात दम्याचे प्रमाण मोठे आहे. त्याच स्पर्धेत दोन दिवस आधी तीस किलोमीटरमध्ये रौप्यपदक मिळवणारा अमेरिकेचा बिल कॉक हाही व्यायामाने उफाळणाऱ्या दम्याचा रुग्ण होता. अशा शर्यतीला आजारातून पुरते न सावरता उभे राहणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

त्या स्प्रेमध्ये इफेड्रीन होते. हे द्रव्य मूळचे वनस्पतिजन्य. चिनी वैद्यकात ‘मा हुआंग’ या नावाने ही वनस्पती शतकानुशतके वापरात होती. हिमालयात उगवणारी सोमलता याच कुळातली. (वेदांतला सोम तो हाच का, हा वाद निराळा.) जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी १८८५ साली तिच्यातून इफेड्रीन वेगळे केले. ते नाकातील सुजलेल्या रक्तवाहिन्या आकसवते, श्वासनलिका सैल करते. पण त्याच झटक्यात हृदयाची गती वाढवते, रक्तदाब चढवते, मेंदूला तरतरी आणते. एकच रेणू रुग्णाला औषध आणि धावपटूला उत्तेजक. लघवीच्या बाटलीत तो सापडला, तर तो कोणत्या हेतूने घेतला हे बाटली सांगत नाही.

ऑलिंपिकमध्ये उत्तेजकांच्या चाचण्या १९६८ साली सुरू झाल्या, आणि इफेड्रीनने पहिल्या काही वर्षांतच बळी घेतले. १९७२च्या साप्पोरोत पश्चिम जर्मनीचा आइस हॉकीपटू अलोइस श्लोडर त्यात सापडला. त्याच वर्षी म्युनिकला अमेरिकेचा सोळा वर्षांचा जलतरणपटू रिक डीमाँट याचे ४०० मीटरचे सुवर्ण गेले. तो दमेकरी होता. औषधाचे नाव त्याने आपल्या संघाच्या अर्जात लिहूनही दिले होते. संघाच्या डॉक्टरांनी ते पुढे मंजूर करून घेतले नाही. पदक तर गेलेच, १५०० मीटरच्या अंतिम फेरीतही त्याला उतरू दिले नाही.

कुलाकोवांच्या बाबतीत मात्र वेगळे घडले. पदक परत घेतले, पण ऑलिंपिक समितीने आणि आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने त्यांना पुढच्या शर्यतींत भाग घेण्याची मुभा दिली. यातली विसंगती लपण्यासारखी नाही. ती खेळाडू लबाड असेल, तर तिला पुन्हा उतरवायचे कशाला? आणि ती केवळ आजारी असेल, तर पदक कशासाठी काढले? नियमाला तडा जाऊ नये आणि माणसावरही अन्याय होऊ नये, अशी ती तडजोड होती. म्युनिकच्या मानाने ती बरीच माणुसकीची म्हणावी लागेल.

१० फेब्रुवारीला दहा किलोमीटरमध्ये कुलाकोवांनी पुन्हा कांस्यपदक मिळवले. १२ तारखेला रिलेमध्ये सुवर्ण. त्या चौघींच्या सोव्हिएत संघात नीना बाल्दिचेवाही होत्या, म्हणजे ज्यांना पाच किलोमीटरचे ते काढून घेतलेले पदक मिळाले, त्याच. पाच दिवसांच्या अंतराने दोघी एकाच संघात सुवर्णपदकाच्या मानकरी ठरल्या.

त्याच इन्सब्रुकमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या आइस हॉकी संघात फ्लू पसरला होता. कर्णधार फ्रांतिशेक पोस्पिशिल यांच्या चाचणीत कोडीन सापडले. ते संघाच्या डॉक्टरांनीच दिलेले होते. येथे शिक्षा झाली ती डॉक्टरांना : आजन्म बंदी. पोलंडवर ७–१ असा मिळवलेला विजयही रद्द झाला, पण अखेरीस संघाने रौप्य जिंकले. आजारी खेळाडूने घेतलेल्या औषधाची जबाबदारी कोणाची, याला एकाच स्पर्धेत दोन उत्तरे मिळाली.

विशेष म्हणजे, स्नायू फुगवणाऱ्या अ‍ॅनाबॉलिक स्टिरॉइड्सची चाचणी ऑलिंपिकमध्ये प्रथम आली ती त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, मॉन्ट्रियलला. सर्दीचा स्प्रे पकडणारी यंत्रणा खऱ्या लबाडीला पकडण्याइतकी अद्याप तयारच नव्हती.

पुढेही असे प्रसंग थांबले नाहीत. २००० साली सिडनीत रुमानियाची सोळा वर्षांची जिम्नॅस्ट आंद्रेया रादुकान सर्दीच्या गोळीतील स्यूडोइफेड्रीनमुळे वैयक्तिक सुवर्णाला मुकली. तेही तिच्याच संघातील सिमोना अमानारकडे गेले. आज इफेड्रीनला सरसकट मज्जाव नाही : स्पर्धेच्या काळात लघवीत प्रति मिलिलिटर १० मायक्रोग्रॅमहून अधिक आढळले तरच तो गुन्हा. उपचारासाठी आवश्यक औषधांची आगाऊ परवानगी मागण्याची रीतसर पद्धतही आहे. तरी २०१६ साली नॉर्वेचा स्कीपटू मार्टिन सुंडबी दम्याच्या सॅल्ब्युटामोलच्या मात्रेवरून अडकलाच आणि २०१४–१५च्या हंगामाचे विश्वचषक विजेतेपद गमावून बसला.

कुलाकोवा १९८०च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्येही उतरल्या आणि रिलेचे रौप्य घेऊन परतल्या. त्यांच्या नावावर एकूण आठ ऑलिंपिक पदके आहेत, पैकी चार सुवर्ण. १९८४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्यांना ‘ऑलिंपिक ऑर्डर’ हा आपला सन्मान दिला. पाच किलोमीटरचा १९७६चा निकाल मात्र तसाच राहिला : तिसऱ्या क्रमांकावर बाल्दिचेवा.