उकव्यातले बंद घर : पंचायतीचे अधिकार, ग्रामसभा आणि बाहेरगावी राहणारे वारस

आपल्या मंडळातील बऱ्याच कुटुंबांचे एक घर उकव्यात किंवा आसपासच्या गावात आहे आणि त्याला वर्षातले बहुतेक दिवस कुलूप असते. मुले नागपूर, गोंदिया, रायपूर, पुण्याला गेली. आईवडील गेल्यावर दिवाळीला दोन दिवस दार उघडायचे, जाळी झाडायची, सरकलेली कवेलू बसवून घ्यायची आणि परतायचे. पंचायतीच्या वहीत घर अजून आजोबांच्याच नावावर असते. अशा कुटुंबांकडून दोन प्रश्न हमखास येतात. पंचायत आपले बंद घर ताब्यात घेऊ शकते का? आणि गावच्या ग्रामसभेत आपल्याला बोलता येते का? पहिल्याचे उत्तर, खाजगी मालकीचे घर केवळ बंद आहे म्हणून घेता येत नाही. दुसऱ्याचे उत्तर, सभासद म्हणून नाही. दुसरे उत्तर ऐकून लोकांना आश्चर्य वाटते, आणि खरी अडचणही तिथेच आहे. म्हणून या लेखात त्यावर जास्त लिहिले आहे.

आधी जमीन कोणती ते पाहा

उकव्यात घर म्हटले की सगळी घरे एका जातीची नसतात. मॅंगनीजच्या खाणीमुळे इथे कंपनीचे क्वार्टर आले. खाणकाम करणाऱ्या ब्रिटिश कंपनीचा धंदा १९६२ मध्ये मॅंगनीज ओर (इंडिया) लिमिटेडकडे आला. हीच आजची मॉईल, मुख्यालय नागपूरला. क्वार्टरमध्ये दोन पिढ्या राहिल्या, अंगणात आंबा लावला, तरी ते घर कंपनीचेच. नोकरी संपली की हक्क संपतो, आणि सरकारी कंपनीच्या जागेतून विनापरवाना राहणाऱ्यांना काढण्यासाठी १९७१ चा सार्वजनिक जागांचा कायदा लागू होतो. त्याच्याशी ग्रामसभेचा संबंध नाही.

खरा विषय आहे आबादीतल्या घराचा. महाराष्ट्रात ज्याला गावठाण म्हणतात त्यालाच मध्य प्रदेशात आबादी म्हणतात. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता १९५९ च्या कलम २४६ प्रमाणे आबादीतली घराची जागा कायदेशीरपणे धारण करणारा त्या जागेचा भूमिस्वामी असतो. शेतजमिनीवर बांधलेले घर असेल तर जमिनीचे डायव्हर्शन, म्हणजे व्यपवर्तन, झाले होते का ते खसऱ्यात पाहावे लागते. पूर्वीच्या पिढीने पटवाऱ्याला विचारून बांधले, एवढ्यावर ते भागत नाही. सरकारी जमिनीवर पट्टा मिळाला असेल तर पट्ट्याच्या अटी वाचाव्यात. त्या अटी सहसा कोणी वाचलेल्या नसतात.

बैहर विकासखंड अनुसूचित क्षेत्रात येतो. तिकडे आदिवासी भूमिस्वामीची जमीन बिगर आदिवासीने विकत घेण्यावर संहितेच्या कलम १६५ चे कडक निर्बंध आहेत. तिथे साध्या कागदावर पूर्वी घेतलेली जागा असेल तर विकण्याच्या गोष्टी बोलण्याआधी वकिलाला दाखवावी.

पंचायत काय करू शकते, काय नाही

ग्रामपंचायत घरावर संपत्ती कर, प्रकाश कर वगैरे आकारते, आणि घर बंद आहे म्हणून तो आपोआप माफ होत नाही. रस्त्यावर पडू पाहणारी भिंत, सार्वजनिक वाटेवर आलेले अतिक्रमण, उघडी पडलेली विहीर यांबाबत ती नोटीस देऊ शकते. नोटीस मृत आजोबांच्या नावाने निघते, बंद दाराला चिकटवली जाते आणि पावसात गळून पडते. महिन्याभराने नातू विचारतो की आम्हाला कळवले का नाही. पंचायतीच्या बाजूनेही पाहायला हवे. शेजारच्या घरात लहान मुले आहेत, तुमची मातीची भिंत दरवर्षी थोडी फुगते, साप निघतात, आणि मालकाचा फोन नंबरही कोणाकडे नसतो. गावकऱ्यांनी हा विषय सभेत काढला तर त्यात वैर नसते.

घर वाटून टाकण्याचा किंवा दुसऱ्या कोणाला देण्याचा ठराव मात्र ग्रामसभा करू शकत नाही. एखाद्या हिंदू व्यक्तीचा कोणीच वारस उरला नाही तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २९ प्रमाणे संपत्ती सरकारकडे जाते, पंचायतीकडे नव्हे. शेतीबाबत संहितेत वेगळी तरतूद आहे. दोन वर्षे जमीन कसली नाही, महसूल भरला नाही आणि मालक गाव सोडून गेला असेल तर तहसीलदार चौकशी करून जमीन ताब्यात घेऊन कसण्यासाठी देऊ शकतो. ठरलेल्या मुदतीत हक्क सांगितला तर ती परत मिळते. तेव्हा घरासोबत पडीक बांधी असेल तर तिचा महसूल थकवू नये.

घराला खरा धोका असतो तो शेजाऱ्यापासून किंवा ज्याला तात्पुरते राहायला दिले त्याच्यापासून. मर्यादा कायदा १९६३ प्रमाणे खाजगी मालमत्तेवर दुसऱ्याने उघडपणे, मालकाच्या हक्काला नाकारून सलग १२ वर्षे ताबा ठेवला तर मालकाचा दावा मुदतबाह्य होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑगस्ट २०१९ रोजी रविंदर कौर ग्रेवाल खटल्यात असेही ठरवले की असा ताबेदार स्वतः न्यायालयात जाऊन हक्क मागू शकतो. परवानगीने राहणाऱ्याचा ताबा असा धरला जात नाही, पण परवानगी दिली होती हे दाखवता आले पाहिजे. म्हणून ओळखीच्या माणसाला घर राखायला दिले तरी एका कागदावर लिहून घ्यावे. यात अविश्वास नाही. दोघांच्या मुलांना पुढे तोच कागद उपयोगी पडतो.

ग्रामसभेत कोण बसतो

संविधानाच्या ७३ व्या दुरुस्तीने, जी २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली, ग्रामसभेची व्याख्या अगदी सरळ केली : त्या गावाच्या मतदार यादीत ज्यांची नावे आहेत ते सगळे. घरमालक, करदाते किंवा गावचे मूळ रहिवासी असे त्यात काही नाही.

मग नाव यादीत घालता येईल का? १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात मतदाराने त्या ठिकाणी सामान्यतः राहणारा असावे असे आहे, आणि कलम २० मुद्दाम स्पष्ट करते की केवळ घर मालकीचे किंवा ताब्यात आहे एवढ्यावरून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. दोन ठिकाणी नाव ठेवण्यास मनाई आहे, खोटे निवेदन दिल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नागपूरला मतदान करायचे आणि उकव्यातले नावही राहू द्यायचे, ही आपल्याकडची जुनी सवय सोडावी. तात्पुरते बाहेर गेलेल्याचे नाव मात्र जात नाही. मुलाकडे चार महिने राहायला गेलेल्या आजींना कोणी यादीतून काढू लागले तर हरकत घ्यावी.

यात एक गंमत आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर परदेशात राहणारा भारतीय नागरिक, ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेले नाही, तो पासपोर्टवरील भारतातल्या पत्त्यावर विधानसभेच्या यादीत नाव घालू शकतो. म्हणजे दुबईतला भाऊ गावच्या यादीत येऊ शकतो आणि गोंदियातला भाऊ येऊ शकत नाही.

मुखत्यारपत्राने हे काम भागत नाही. मुखत्यार तुमच्या वतीने तहसीलमध्ये अर्ज देईल, कर भरेल, दावा लढवेल. ग्रामसभेत तो बसला तर स्वतःच्या मताने बसतो, तुमच्या नाही. तुम्ही स्वतः त्या दिवशी गावात असाल तर सभेला जाऊन बसायला सहसा कोणी नाही म्हणत नाही. पण बोलू द्यावे हा हक्क म्हणून मागता येत नाही, आणि हात वर केला तरी तो मोजला जात नाही.

आपल्या घराचा प्रश्न तरीही सभेपुढे नेता येतो. मध्य प्रदेशात ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १४ एप्रिल, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या सुमारास होतात. दवंडी कोटवार देतो, आणि ती पुण्यात ऐकू येत नाही. त्यामुळे तारखेच्या पंधरा-वीस दिवस आधी पंचायत सचिवाकडे लेखी अर्ज द्यावा, विषयपत्रिकेत घेण्याची विनंती करावी आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. अर्ज हिंदीत आणि एका पानाचा असावा. अर्जात तक्रारीआधी आपला सध्याचा पत्ता आणि फोन द्यावा, त्यानेच निम्मे काम होते. सभेत विषय मांडणारा गावातला एखादा मतदार हवा : राहणारी चुलत बहीण, वहिनी, शेजारी. बायकांनी बोलावे असे आम्ही खास सांगतो. ग्रामसभेच्या गणपूर्तीत महिलांची उपस्थिती कायद्यानेच लागते, पण त्या आल्या की सही घेऊन घरी पाठवण्याची रीत अनेक गावांत आहे. राहत्या नातेवाईक बाईने उभे राहून "हे घर अमक्याच्या वारसांचे, ते कर भरतात, भिंत पावसाआधी उतरवतील" एवढे तीन वाक्यांत सांगितले आणि ते कार्यवाही रजिस्टरात लिहिले गेले, तर तो पुढे कामी येणारा पुरावा आहे.

सभेत काय ठरले ते माहितीच्या अधिकारात मागता येते. १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. यासाठी गावचा मतदार असण्याची गरज नाही, भारताचा नागरिक असणे पुरे. तसेच मंगळवारी जिल्हाधिकारी कार्यालयात जनसुनवाई असते, तिथे बाहेरगावी राहणारा मालक स्वतः उभा राहू शकतो. १८१ ही मुख्यमंत्री हेल्पलाइनही आहे, पण वारसांतल्या भांडणाची तक्रार तिथे टाकून काही निघत नाही.

ड्रोनचे सर्वेक्षण आणि चुन्याची रेघ

आबादीतल्या घरांना पूर्वी नकाशाच नव्हता. खसऱ्यात सगळी आबादी एकाच आकड्याखाली असे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत मध्य प्रदेश पहिल्या टप्प्यापासून आहे. महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा प्रयोग त्याआधीच झाला होता. पद्धत अशी : आधी ग्रामसभेत माहिती देतात, मग प्रत्येकाने आपल्या जागेच्या हद्दीवर चुना टाकायचा, ड्रोन वरून छायाचित्रे घेतो, नकाशा तयार होतो, कोणती जागा कोणाची याची गावात जाऊन तपासणी होते, हरकती घेतात आणि मग अधिकार अभिलेख निघतो.

बंद घराच्या हद्दीवर चुना कोण टाकणार? पुष्कळदा शेजारी टाकतो, आणि तो वाईट माणूस नसला तरी मधली गल्ली कोणाची हे त्याच्या आठवणीप्रमाणे ठरते. आपल्या गावचे काम कुठवर आले ते पटवाऱ्याकडे विचारावे. हरकतीची वेळ असेल तर लेखी हरकत द्यावी. अभिलेख निघाला असेल तर प्रत घेऊन नाव, क्षेत्रफळ आणि चारही बाजूंचे शेजारी ताडून पाहावेत. आजोबांचे नाव छापले गेले असेल तर ते चूक नव्हे, नामांतरण राहिले आहे एवढाच त्याचा अर्थ.

वारसांची नावे

मालक वारल्यावर नामांतरणासाठी तहसीलमध्ये अर्ज द्यावा लागतो. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, जुना कागद आणि कराच्या पावत्या लागतात. आपल्या घरांत इथे दोन चुका होतात. एक, बहिणींची नावे टाकत नाहीत. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने वडील केव्हा वारले हा वादही मिटवला. बहिणीला हिस्सा नको असेल तर तिने नोंदणीकृत हक्कत्याग करावा. पंचायतीपुढे "मला नको" म्हणणे पुरत नाही. दुसरी चूक म्हणजे कराच्या पावतीलाच मालकीचा कागद समजणे. पावती ताबा दाखवायला मदत करते, मालकी देत नाही. नामांतरणही मुख्यतः महसुली नोंद आहे, पण ती नसेल तर विक्री, कर्ज, वाटणी सगळे अडते.

हा त्रास आपल्याच लोकांना आहे असे नाही. जपानमध्ये २०२३ च्या पाहणीत सुमारे ९० लाख घरे रिकामी निघाली. मालक कोण हेच सापडत नाही म्हणून तिथे १ एप्रिल २०२४ पासून वारसाने तीन वर्षांत नोंद करणे सक्तीचे केले आणि दंड ठेवला. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे अडीच कोटी घरे रिकामी होती.

ज्यांचे दुसरे घर गोंदिया किंवा भंडारा जिल्ह्यात आहे त्यांनी लक्षात ठेवावे की तिकडचे नियम वेगळे आहेत. ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल ती. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळे महत्त्वाचे ठराव कधीकधी दुसऱ्या सभेत, दहा-पंधरा माणसांत होऊन जातात. घराची नोंद नमुना ८ मध्ये असते, आणि तोही आकारणीचाच कागद आहे. मालकीसाठी भूमी अभिलेख कार्यालयातली मिळकत पत्रिका पाहावी.

परदेशातून मुखत्यारपत्र पाठवणाऱ्यांनी ते भारतीय दूतावासात साक्षांकित करून घ्यावे, आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथले मुद्रांक शुल्क भरावे. त्यात घर राखणे, कर भरणे, नामांतरणाचा अर्ज देणे एवढेच अधिकार लिहावेत. विकण्याचा अधिकार त्याच कागदात टाकू नये.